एक धरणारा, एक आवळणारा

आमचे भावजी चहाचा कप उजव्या हातानं धरतात, आणि उजव्याचं काम तिथंच संपतं. बाकी सगळा कारभार डाव्याकडे. स्क्रू ड्रायव्हर डाव्या हातात, पाना डाव्या हातात, माशी मारायची तर तीही डाव्यानंच. लहानपणी सासऱ्यांनी तो हात वळणावर आणायचे पुष्कळ प्रयत्न केले. पट्टीनं मारून झालं, शर्टाच्या बाहीला गाठ मारून झालं. त्यातून निष्पन्न एवढंच झालं की भावजी अक्षर उजव्या हातानं काढतात आणि ते कुणालाच वाचता येत नाही, त्यांना स्वतःलासुद्धा.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासरे होते, खाली गॅरेज होतं आणि दोन भाऊ होते. थोरले माझ्या वाट्याला आले. त्यांना सगळी गल्ली दादा म्हणते. रागात असले की मीही दादाच म्हणते, आणि मी बऱ्याचदा रागात असते, तेव्हा इथंही दादाच लिहिते. धाकटे ते भावजी. गॅरेज खाली, घर वर, मध्ये लोखंडी जिना. गॅरेजच्या कोपऱ्यात खिडकीपाशी माझं शिलाई मशीन आहे. जुन्या गाड्यांच्या सीटा मी शिवते, त्यामुळे या दोघांचं काय चाललंय ते मला दिवसभर दिसतं आणि नको असलं तरी ऐकू येतं.

जुन्या गाड्या दिसायला देखण्या, पण पोटात भारी खोडसाळ. काही बोल्ट अशा ठिकाणी असतात की बनवणाऱ्यानं आधी बोल्ट ठेवला आणि मग त्याच्याभोवती गाडी रचली असावी. इंजिनाच्या पाठीमागे, पत्र्याच्या सांदीत. डोळ्याला दिसत नाहीत, पान्याला सापडत नाहीत. अशा बोल्टांसाठी आसपासची गॅरेजं भावजींना बोलावून नेतात. भावजी बाही वर सारतात, डावा हात कोपरापर्यंत आत घालतात आणि नजर समोरच्या भिंतीवर लावून उभे राहतात. काय बघायचं ते आत बोटं बघतात. त्या वेळी त्यांच्याशी हवापाण्यावर बोला, नातेवाइकांची उणीदुणी काढा, ते सगळ्यात भाग घेतात. मध्येच "हं, तुझे आटे गेलेत रे" असं म्हणतात, तेवढं बोल्टला असतं.

सांदीत सरळ पाने चालत नाहीत, म्हणून त्यांनी पाने तापवून, वाकवून, कापून स्वतःचे करून घेतलेत. ते एका फळीवर ओळीनं टांगलेले असतात आणि प्रत्येकाला नात्यातलं नाव आहे. मानेत वाकलेली ती आत्या, कारण ती कुठंही शिरते. लांब दांड्याचा तो मामा, लांबूनच मदत करतो. एक आखूड, जाडसा, एकदा धरलं की न सोडणारा पाना आहे, त्याचं नाव वहिनी. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं त्या दिवशी भावजींना बिनसाखरेचा चहा मिळाला.

हात पोचला म्हणून बोल्ट आवळून टाकला, असं मात्र त्यांचं नाही. आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ करायचे. गाडीच्या पुस्तकात तेल सांगितलं असेल तर थेंबभर तेल, कोरडं सांगितलं असेल तर कोरडं. नट सुरुवातीला बोटांनीच फिरवायचा, बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा बसलाय, पान्याला हात लावायचा नाही. मग सगळे नट समोरासमोरचे, आलटून पालटून, थोडे थोडे घट्ट करत जायचं. शिवणाचंही असंच आहे. एका टोकाला दोरा कचकन ओढला की दुसऱ्या टोकाला चुण्या पडतात. बहुधा म्हणूनच मला त्यांचं काम कळतं.

शेवटचा जोर मात्र भावजींच्या हातात कधीच नव्हता. बोल्ट नेमका किती घट्ट बसला ते मोजणारा एक लांब पाना असतो. त्याच्यावर आकडा लावायचा आणि सावकाश ओढत जायचं, तेवढा जोर भरला की तो कट्ट वाजतो, तिथं थांबायचं. सासऱ्यांनी उमेदीच्या दिवसांत तो हौसेनं घेतला होता. फडक्यात गुंडाळून ठेवायचे, घरातल्या मुलांपेक्षा जास्त जपायचे. आणि त्यांनी नियम घालून दिला होता की मोजायचा पाना थोरल्यानं चालवायचा, धाकट्यानं धरायचं.

धरायचं अशासाठी की लपलेल्या बोल्टांतले बरेचसे दोन माणसांचे असतात. बोल्टचं डोकं एका अंगाला, नट दुसऱ्या अंगाला, मध्ये गाडीचा पत्रा. एकानं डोकं पान्यात पकडून ठेवायचं, दुसऱ्यानं पलीकडून नट आवळायचा. कुणाला कुणी दिसत नाही, म्हणून बोलून काम करायचं. आवळणारा म्हणतो, "धर." धरणारा म्हणतो, "धरलं." मग कट्ट वाजतं, आणि आवळणारा म्हणतो, "सोड." तो शब्द कानावर पडल्याशिवाय धरणाऱ्यानं सोडायचं नाही, हात गळून पडला तरी. दोघा भावांना हे सासऱ्यांनी पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

सासरे गेले, पाना दादांकडे आला, भावजी धरत राहिले. केसांत पांढरं दिसायला लागलं तरी धरणारेच. मी लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, "वहिनी, आधी पाना मिळू दे, मग बायको बघू." म्हणायचे हसतच, पण पुन्हा पुन्हा म्हणायचे.

आणि मग तो बोल्ट तुटला.

बेकरीवाल्याची जुनी मोटार होती. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारा वरचा बोल्ट आवळताना कट्टऐवजी टण्ण असा आवाज झाला. दादा म्हणाले, तू मध्येच सोडलंस, झटका बसला. भावजी म्हणाले, मी सोडलं नाही, तू कावळा सरळ लावलास.

कावळा म्हणजे मोजायच्या पान्याच्या टोकाला लावायचा एक आखूड, उघड्या तोंडाचा तुकडा. जिथं नटावर वरून पाना बसत नाही तिथं बाजूनं हा घालतात. दिसतो कावळ्याच्या पायासारखा, म्हणून कावळा. त्याची एकच अट असते, तो पान्याशी काटकोनात हवा. पान्याच्याच रेषेत पुढे काढला की दांडा तेवढा लांब होतो, आणि लांब दांड्यानं जोर जास्त बसतो. पान्यावर आकडा एक आणि बोल्टच्या मानगुटीवर भलताच. दादांना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. त्यांचं म्हणणं, कावळा काटकोनातच होता, बोल्टच जुना होता, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. भावजींचं म्हणणं, इथं कावळा बसला म्हणूनच फांदी मोडली. पत्र्यामागचं कुणालाच दिसलेलं नव्हतं, त्यामुळे भांडण मिटायची सोयच नव्हती. रागाच्या भरात दादा बोलून गेले, "डावा हात तो डावाच." भावजींनी फडक्याला हात पुसले आणि जिना चढून वर गेले.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. गॅरेज एक, जिना एक, चहाचं भांडं एक, आणि तोंडं दोन दिशांना. भावजींच्या तोंडून 'दादा' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी 'तुमचा नवरा' आला. दादा मला सांगायचे, "त्याला म्हणावं, जॅक आण." भावजी म्हणायचे, "वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, जॅक त्याच्या पायाशीच आहे." मी मशीनवरून मान न उचलता निरोप पोचवायची, आणि पोचवताना त्यात चिमूटभर साखरही घालायची. एकदा दादा कडाडले, हा कार्ब्युरेटर कुणाच्या बापानं उघडा टाकलाय ते विचार त्याला. मी विचारलं, "भावजी, कार्ब्युरेटर झाकायचा राहिला का हो?" भावजींनी मूळचं ऐकलेलं होतंच. म्हणाले, "तुमच्या नवऱ्याला सांगा, त्याच्याही बापानं."

हसू यायचं, पण किती दिवस हसणार. एक दिवस दादा बाहेर गेलेले बघून भावजींनी मला सांगितलं की शेजारच्या शहरात बसच्या डेपोत त्यांना काम मिळालंय. तिथं मोजायचा पाना त्यांच्याच हातात असणार होता. महिना संपला की जायचं ठरलं होतं. भाजी आणायला निघाल्यासारखं सांगितलं त्यांनी. मला मात्र पुढं टाका घालता येईना. हा माणूस नसला तर घर खायला उठेल हे मला माहीत होतं, आणि दादांची त्याहून वाईट गत होईल हेही. मी दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "जाऊ दे." आणि त्या दिवशी त्यांनी एकाच गाडीचं तेल दोनदा बदललं.

भावजींचं शेवटचं काम ठरलं ते दातांच्या डॉक्टरांची गाडी. गाडी सायीच्या रंगाची, गोल डोळ्यांची, डॉक्टरांच्या दवाखान्याइतकीच जुनी. डॉक्टर भारी गप्पिष्ट. दिवसभर समोर माणसं तोंड उघडून बसलेली, पण बोलू एकही शकत नाही, त्यामुळे त्यांची बोलायची भूक आमच्या गॅरेजात भागते. स्टूल ओढून बसायचे आणि गाडीच्या प्रत्येक भागाला दात-हिरड्यांची उपमा देत राहायचे. क्लचप्लेट नवी बसली, गिअरबॉक्स परत जागेवर चढला, आणि राहिले इंजिनाच्या पाठीमागचे वरचे बोल्ट. हुबेहूब बेकरीवाल्याच्या गाडीचंच दुखणं.

सीटा माझ्याकडे शिवायला काढलेल्या होत्या, त्या मोकळ्या जागेत भावजी आडवे झाले. मधलं झाकण काढून गिअरबॉक्सवरून हात पुढे घातला, डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर. दादा बॉनेटखाली वाकले, हातात मोजायचा पाना, त्याला कावळा लावलेला. दोघांच्या मध्ये पत्रा, आणि जरा अंतरावर मी, मांडीवर डॉक्टरांची सीट घेऊन.

"त्याला सांग, धर."

"भावजी, धरा."

"धरलं म्हणावं."

"धरलं म्हणतायत."

पहिले बोल्ट असे हलकेच बसवून झाले. मग शेवटच्या जोराची वेळ आली. दादांचा पाना नटावरून निसटला, ते म्हणाले, "त्याला सांग, थांब," आणि नेमका माझ्या दातांत दोरा होता. मी दोरा सोडून तोंड उघडेपर्यंत आत खण्ण आवाज झाला. भावजींचा पाना उलटला होता आणि बोट सापडलं होतं. ते ओरडले नाहीत, नुसता मोठा श्वास घेतलेला ऐकू आला.

माझं डोकंच फिरलं. सीट बाजूला टाकून मी उभी राहिले.

"आजपासून मी एकही निरोप नेणार नाही. उद्या बोट तुटलं तर ते मला शिवता यायचं नाही. तोंडं आहेत ना तुम्हाला? मग वापरा."

यावर दोघंही गप्प. डॉक्टरसुद्धा गप्प, आणि त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघितलं. बहुधा ती शांतता त्यांना सोसेना. दुसरे लोक खिशाला पेन लावतात तसा ते दात बघायचा छोटा आरसा लावतात. तो काढून ते बॉनेटपाशी आले, सवयीनं इंजिनाला म्हणाले, "हं, आ करा," आणि आरसा आणि बारकी बॅटरी सांदीत घातली. जरा वेळ इकडून तिकडून बघितलं.

"अगदी मागची दाढ," ते खूश होऊन म्हणाले. "दादा, तुमचा हा पुढचा तुकडा पान्याच्या रेषेत सरळ आलाय. असाच असतो ना तो?"

बिचाऱ्यांना भांडणाचा पत्ताही नव्हता. त्यांनी आपलं विचारलं.

गाडीच्या आतून एक शब्द आला नाही. भावजींच्या जागी मी असते तर सगळी गल्ली गोळा केली असती. दाराबाहेरचे त्यांचे पाय तेवढे एकदम स्थिर झाले. दादांनी डॉक्टरांच्या हातातून आरसा घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग कावळा काढून काटकोनात लावला आणि पुन्हा हात आत घातला. कोपर हीटरच्या डब्याला अडलं. दुसऱ्या बाजूनं घातला, तर खांदा बॉनेटच्या बिजागरीत अडकला. उजव्या हाताला आत शिरायला पहिलीच वाट होती, आणि त्या वाटेनं हात गेला की कावळा आपोआप सरळ व्हायचा. डॉक्टरांनी सुचवलं, दांडा जितका लांब होतो त्या हिशेबानं आकडा कमी लावला तर. दादांनी मान हलवली. कावळा धड सरळ राहत नव्हता, धड आडवा राहत नव्हता, प्रत्येक ओढीला कोन बदलत होता, हिशेब करणार कशाचा.

"हा हात इथं जातच नाही," दादा म्हणाले. "गेलाच नसणार कधी."

खरं काय ते आम्हा तिघांनाही कळलं होतं, पण ते गिळून दादा तसंच रेटून नेणार की काय, एवढंच बघायचं होतं. वर भावजींची बॅग जिन्याच्या तोंडाशी भरून ठेवलेली होती. दादांनी तिच्याकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते गाडीला वळसा घालून दाराशी आले आणि भावजींच्या टाचेवर पान्याच्या दांड्यानं हलकेच टकटक केलं.

"बाहेर ये. मी धरतो, तू आवळ."

भावजी सरपटत बाहेर आले. केसांत धूळ, सापडलेलं बोट तोंडात. दादांनी पाना पुढे केला होता. भावजींनी आधी दोन्ही हात पँटला पुसले, उजवा पुढे केला, मागे घेतला, आणि पाना डाव्या हातात घेतला. सासरे असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. मला तर वाटतं, आरशात बघून तेही गप्प बसले असते.

आता दादांना आत घालायचं होतं. दादांचं पोट हा आमच्या घरातला जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. डॉक्टरांनी खांद्याकडून आणि मी पायांकडून लावून दिल्यावर ते डॅशबोर्डखाली गेले, आणि आतून त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायला लागला.

भावजींनी पान्यावरचा आकडा तपासला, कावळा काटकोनात आहे हे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन डावा हात आत सोडला. कोपर बिजागरीच्या बाहेर राहिलं, पाना आडवा झोपला, कावळा नटावर जाऊन बसला. काही खटपट नाही. नजर समोरच्या भिंतीवर.

"धर," ते म्हणाले.

"धरलं."

कट्ट. इतक्या वर्षांत तो आवाज मी हजारदा ऐकला असेन. त्या दिवशी मात्र तो डाव्या हातातून आला होता.

"सोड."

दुसरा बोल्ट झाला. तिसऱ्याला आतून धापा ऐकू यायला लागल्या.

"खांदा मोडला रे माझा," दादा आतून म्हणाले. "तू एवढी वर्षं असा पडून धरायचास?"

"हो."

"मग कधी बोलला नाहीस ते."

"धरणाऱ्यानं एकच शब्द बोलायचा असतो, दादा," भावजी म्हणाले. "धरलं."

दादा हा शब्द त्यांच्या तोंडून किती दिवसांनी आला. मी सीट उचलून मांडीवर घेतली, पण सुईचं नाक काही दिसेना.

राहिला शेवटचा बोल्ट. धर, धरलं, कट्ट. आणि मग काहीच नाही. भावजींनी पाना बाहेर काढला, फडक्यानं पुसला, आणि 'सोड' म्हटलंच नाही. डॉक्टर काहीतरी विचारायला गेले, तर मी त्यांचा कोट ओढला.

"दादा," भावजी म्हणाले, "डेपोवाल्यांना काय सांगू?"

दादा धरून होते. सोड म्हटल्याशिवाय सोडणारे ते नव्हेतच, सासऱ्यांचा मुलगा आहे शेवटी.

"बेकरीवाल्याचा बोल्ट मी तोडला," आतून आवाज आला. "तू धरलेलं होतंस." मग जरा थांबून, "आणि त्यांना सांग, मोजायचा पाना आमच्याकडे डाव्या हातात असतो. तुम्ही दुसरा माणूस बघा."

मी रडले. उगाच डोळ्यांत धूळ गेली वगैरे मी म्हणणार नाही, चांगली पदर लावून रडले. भावजी पत्र्याकडे बघत उभे होते, जणू पलीकडचं दिसत होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "ती बॅग जिन्याच्या तोंडाशी कशाला हवी आता? न्या ती आत." आणि मग पत्र्याकडे वाकून, अगदी हळू आवाजात, "सोड, दादा."

दादांनी सोडलं. त्यांना बाहेर काढायला मात्र आम्ही तिघं लागलो, दोघं पायांना आणि एक पट्ट्याला. डॉक्टर घाम पुसत म्हणाले की अक्कलदाढसुद्धा इतकी अडून बसत नाही.